‘इफ नॉट डन बाय यू’ कुठल्या धड्यात येतं?

इंग्रजी कसं शिकवावं यावरून सध्या जी हमरीतुमरी चालली आहे, ती ऐकताना दोन्ही पक्ष एकमेकांच्या सोयीसाठीच भांडताहेत की काय, अशी शंका येते. एकीकडे ‘ग्रामरचं भूत डोक्यातून काढा, बिनधास्त बोला’ म्हणणारे मोबाइलवरचे गुरू. दुसरीकडे ‘आमच्या वेळी वाक्य फोडून शब्दाशब्दाचं व्याकरण सांगायचं पार्सिंग होतं, ॲनालिसिस होतं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, म्हणून चार इयत्ता शिकलेला माणूसही साहेबाला अर्ज लिहायचा’ असं सुनावणारी जुनी पिढी. पहिल्यांच्या लेखी नियम म्हणजे पायातली बेडी, दुसऱ्यांच्या लेखी नियम म्हणजेच भाषा. ज्या वाक्यरचनांवरून हा तंटा आहे, त्या इंग्रजी बोलणारी-लिहिणारी माणसं खरोखर किती वापरतात आणि कुठे वापरतात, हा साधा प्रश्न मात्र कुणालाच पडत नाही. माझं म्हणणं असं, की वाक्यांचे साचे शिकवावेच लागतात, वेळप्रसंगी घोकूनही घ्यावे लागतात. पण कुठले साचे, हे वापराकडे बघून ठरवायला हवं होतं. आपण ते पेपर तपासायला काय सोपं, यावरून ठरवून बसलो आहोत.

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ‘नो सूनर’च्या पुढे काय येतं? डोळे न उघडता उत्तर येईल, ‘दॅन’. ‘रिमूव्ह टू’ म्हटलं की ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’चं ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट’ होणार. लोखंड हा सर्वांत उपयोगी धातू आहे, ही गोष्ट तर आपण ‘नो अदर मेटल’ आणि ‘मोअर यूजफुल दॅन एनी अदर मेटल’ अशा वेशांत इतक्या वेळा लिहिली आहे, की लोखंडालाही संकोच वाटावा. ही वाक्यं चुकीची नाहीत. छापील इंग्रजीत ती भेटतात. पण बसस्टॉपवर, दुकानात, ऑफिसच्या फोनवर ‘नो सूनर डिड द बेल रिंग’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला कधी भेटला आहे? तिथे ‘ॲज सून ॲज’ चालतं, बहुतेकदा नुसत्या ‘व्हेन’वर भागतं. आणखी एक गोष्ट. एकाचं दुसरं करायला लावताना आपण मुलाच्या मनावर न बोलता ठसवतो, की दोन्हींचा अर्थ एकच. अर्थ अगदी एकच असता, तर त्या भाषेने दोन-दोन रचना कशाला सांभाळल्या असत्या? कोणती कधी आणि कुणापुढे वापरायची, हेच तर शिकण्यासारखं होतं. नेमकं तेवढंच आपण गाळलं.

ॲक्टिव्ह-पॅसिव्हचं उदाहरण जरा जवळून पाहू. ‘राम किल्ड अ स्नेक’, याचं ‘अ स्नेक वॉज किल्ड बाय राम’. कर्ता उचलायचा, ‘बाय’ लावायचं, शेवटी नेऊन ठेवायचा. ‘बाय राम’ लिहायचं राहिलं तर मार्क गेले. आता खिशातला फोन काढा आणि बँकेचा कुठलाही संदेश वाचा. ‘युअर अकाउंट हॅज बीन डेबिटेड’. हाही पॅसिव्हच, पण यात ‘बाय’ कुठे आहे? नाही, कारण कुणी वळते केले हे सांगायची गरज नाही. पैसे गेले, एवढंच सांगायचं आहे. पॅसिव्हचं खरं काम करणाऱ्याला बाजूला ठेवणं हेच असतं. इंग्रज भाषातज्ज्ञ रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्रजीचं जे मोठं व्याकरण काढलं, त्यात ही गोष्ट नोंदलेली आहे: पाचांपैकी साधारण चार पॅसिव्ह वाक्यांत कर्ता सांगितलेलाच नसतो. म्हणजे वापरात जे अपवादाने घडतं, ते आपण मुलांकडून सक्तीने करून घेतो. त्याच संदेशाचं पुढचं वाक्य पाहा. ‘इफ नॉट डन बाय यू, कॉल’ आणि पुढे नंबर. इथे ‘बाय’ आलं, कारण इथे कोणी केलं हाच मुद्दा आहे. पण ‘इट’ गायब, ‘वॉज’ गायब. मराठी शाळेतल्या मुलाने उत्तरपत्रिकेत असं वाक्य लिहिलं, तर ‘इनकम्प्लीट सेन्टेन्स’ म्हणून त्यावर लाल रेघ येईल. आणि खेड्यापाड्यांतल्या फोनवर येऊन पडणाऱ्या इंग्रजीत याच जातीची वाक्यं सर्वांत जास्त असतात. ती न कळल्याने कुणाचे पैसे बुडाले, तर त्याला दहावीला ‘चेंज द व्हॉइस’मध्ये पैकीच्या पैकी होते, हे सांगून समाधान होणार आहे का?

वापराकडे पाहायचं म्हणजे आपल्या कानांवर विसंबायचं, असं नाही. कान पक्षपाती असतात. १९५९ पासून क्वर्क यांनी प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीची पद्धतशीर नोंद करायला सुरुवात केली. अमेरिकेत १९६१ साली छापलेल्या मजकुरातून ब्राउन विद्यापीठात दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. १९९९ मध्ये डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी चार कोटी शब्दांच्या संग्रहावर उभं केलेलं व्याकरण आलं. त्यात संभाषण, कथा, बातमी आणि अभ्यासपूर्ण लेखन असे चार कप्पे करून प्रत्येक रचना कुठे किती येते, ते मोजलं आहे. पॅसिव्ह क्रियापदं अभ्यासपूर्ण लेखनात सुमारे २५ टक्के, बोलण्यात मात्र जेमतेम २ टक्के. ‘आय ॲम गोइंग’ छापाची कंटिन्युअस रचना, जी बोलण्याचा प्राण म्हणून स्पोकन इंग्लिशचे क्लासवाले पहिल्याच आठवड्यात शिकवतात, तिच्या वीसपटींहून जास्त साधे काळ बोलण्यात येतात. ‘से’, ‘गेट’, ‘गो’, ‘नो’, ‘थिंक’ अशी बाराच मुख्य क्रियापदं संभाषणातल्या मुख्य क्रियापदांची जवळजवळ ४५ टक्के जागा व्यापतात. हे आकडे वाचले, की ‘फाडफाड’वाले आणि ‘पार्सिंग’वाले दोघेही अंधारात तीर मारत होते हे कळतं.

आता जुन्या मास्तरांची बाजू. तिच्यात दम आहे. बिनधास्त बोलून भाषा येत असती, तर पर्यटनस्थळी वर्षानुवर्षं गोऱ्या पाहुण्यांशी बोलणाऱ्या प्रत्येकाला मुलाखतीत नोकरी मिळाली असती. साचा पक्का नसेल तर बोलणं एका पातळीवर येऊन थिजतं, आणि मग ते तसंच घट्ट होतं. शिवाय जिवंत इंग्रजीचे संग्रह तपासणाऱ्यांनी घोकंपट्टीला अनपेक्षित पाठिंबाही दिला आहे. बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली वापरावर आधारलेला कोश १९८७ मध्ये निघाला. त्या कामातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की माणूस प्रत्येक वाक्य शून्यातून जुळवत नाही, अर्धवट तयार तुकडे उचलून जोडत जातो. म्हणजे पाठांतर काही पाप नाही. मग ‘नो सूनर’ पाठ केलं तर बिघडलं काय? बिघडलं ते हे, की डोक्यात जागा मर्यादित, तास मर्यादित, आणि त्या जागेत आपण काय भरतो याला किंमत पडते. ‘एक्सप्लेन’ हे क्रियापद घ्या. मराठी मुलं हमखास म्हणतात, ‘सर, एक्सप्लेन मी धिस सम’. त्यांचं काय चुकलं? ‘टेल मी’ चालतं, ‘गिव्ह मी’ चालतं, ‘शो मी’ चालतं. मराठीतही मला सांगा, मला द्या, मला दाखवा, मला समजवा, सगळं एकाच वळणाचं. पण इंग्रजीत ‘एक्सप्लेन’ त्या रांगेत बसत नाही, त्याला ‘टू मी’ लागतं. ‘सजेस्ट’चंही तसंच. ‘ही वॉन्टेड मी टू गो’ बरोबर, पण ‘ही सजेस्टेड मी टू गो’ नाही. हा साचा वाक्याचा नाही, क्रियापदाचा आहे, आणि प्रत्येक क्रियापद आपला संसार वेगळा मांडून बसलेलं आहे.

हे शहाणपण नवं नाही. हॅरोल्ड पामर १९२२ मध्ये जपानला गेले, ते इंग्रजी शिकवण्याची पद्धत घडवायला. पुढे त्याच कामातून ए. एस. हॉर्नबी तयार झाले. जपानी विद्यार्थ्यांच्या चुका पाहतच त्यांनी क्रियापदांच्या रचना वेगळ्या काढल्या, आणि १९५४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात असे पंचवीस साचे मांडले. आपल्याकडे शिकणाऱ्यांनी ज्यांचा कोश वर्षानुवर्षं उशाशी ठेवला, ते हेच हॉर्नबी. त्यांनी साचे काढले ते परकी भाषा शिकणारा माणूस कुठे अडतो हे पाहून. म्हणजे साचे आणि वापर हे वैरी कधीच नव्हते. वैर आपण लावलं. एका गाइडवरून दुसरं गाइड, एका प्रश्नपत्रिकेवरून दुसरी, असं करता करता साच्यांचं मूळ प्रयोजन गळून पडलं आणि टरफल उरलं.

स्वातंत्र्यानंतर भारतात हे दोन्ही प्रयोग होऊन गेले आहेत, हे आजच्या भांडणात कुणी आठवत नाही. १९५०च्या दशकात रचनांची उतरंड लावून शिकवायची पद्धत आली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीसाठी केंद्रीय संस्था निघाली. वर्गावर्गांतून ‘धिस इज अ पेन, दॅट इज अ बुक’चा घोष सुरू झाला. पेन समोर दिसत असताना हे पेन आहे असं कुणी कुणाला का सांगेल, हे विचारायची सोय नव्हती. याला कंटाळून इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतात बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या काही शाळांत उलटा प्रयोग केला. व्याकरणाचा अभ्यासक्रमच बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, आकडेमोड ठेवायची, आणि त्यांनी इंग्रजीतून प्रश्न सोडवायचे. नंतर झालेल्या मूल्यमापनाचे निष्कर्ष सावध होते, पण प्रयोगाला बऱ्यापैकी अनुकूल होते. मग तो सगळीकडे का पसरला नाही? कारण त्यासाठी वर्गात अडचणीला इंग्रजीतून वाट काढून देणारा शिक्षक लागतो, आणि असे शिक्षक आदेश काढून तयार होत नाहीत. एका प्रयोगात साच्यांना काम नव्हतं, दुसऱ्यात काम होतं पण ते उभं करणारे हात अपुरे होते. आजचा वाद या दोन अनुभवांच्या पुढे एक पाऊलही गेलेला नाही.

‘बिनधास्त’वाल्यांचाही एक मुद्दा मान्य करायला हवा, तो त्यांना नीट मांडता येत नसला तरी. बोलण्याचं व्याकरण लिहिण्याच्या व्याकरणाहून खरोखर वेगळं असतं. ‘दॅट फ्रेंड ऑफ युअर्स, इज ही कमिंग?’ असं इंग्रज सहज म्हणतो. आपण ‘तो तुझा मित्र, येतोय का?’ म्हणतो तसंच. आपल्या वर्गात मात्र हे ‘डबल सब्जेक्ट’ ठरून कापलं जातं. ‘देअर आर’च्या जागी ‘देअर्ज टू पीपल वेटिंग’ हे लंडनमध्येही ऐकू येतं. संभाषणातल्या एक तृतीयांशाहून जास्त उच्चारांत धड वाक्यच नसतं, असतात ते तुकडे: ‘नॉट रिअली’, ‘शुअर’, ‘व्हॉट अ मेस’. ‘फुल सेन्टेन्समध्ये उत्तर दे’ या हुकमाखाली वाढलेलं मूल परक्या माणसाच्या साध्या ‘टी ऑर कॉफी?’ला ‘आय वुड लाइक टू हॅव टी’ असं परेडमधल्यासारखं उत्तर देतं, ते त्यामुळेच. पण यावरून बोलण्याला नियम नसतात, हा निष्कर्ष निघतो कुठून? उलट बोलण्याचे नियम जास्त चिवट. विनंती घ्या. मराठीत आपण ‘जरा’ घालतो, ‘ना’ जोडतो, ‘द्याल का’ म्हणतो. इंग्रजी तेच काम भूतकाळी रूपांवर टाकतं: ‘कुड यू’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’, ‘डिड यू वॉन्ट मी टू वेट?’. वेळ आत्ताची, रूप कालचं, आणि त्या अंतरात अदब. पास्ट टेन्स म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, एवढंच शिकलेला मुलगा ‘गिव्ह मी द फाइल’ म्हणतो आणि समोरच्याला तो उर्मट वाटतो. हे बिनधास्तपणाने सुटणार नाही. याचाही साचाच शिकवावा लागेल.

नियम आणि वापर यांतला हा ताण खुद्द इंग्रजांनीही भोगला आहे. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांनी व्याकरण लिहिलं. ‘टू’, ‘विथ’, ‘ऑफ’सारखे शब्द वाक्याच्या शेवटी टांगते ठेवू नयेत, या नियमाचं खापर पुढे दीडशे-दोनशे वर्षं त्यांच्या माथी फुटलं. प्रत्यक्षात लोथ म्हणाले होते ते वेगळं: ही लकब आपल्या भाषेला फार प्रिय आहे, बोलण्यात ती सर्रास आढळते, घरगुती लेखनात शोभतेही, भारदस्त लेखनात मात्र शब्द आधी नेलेला बरा. आणि लकब प्रिय आहे हे सांगणारं त्यांचं स्वतःचं वाक्य ‘टू’नेच संपत होतं! प्रसंग पाहून रचना निवडा, असं सांगणारा माणूस पुढच्या शाळामास्तरांनी बंदी घालणारा करून टाकला. कारण उघड आहे. प्रसंगाची चर्चा वर्गात घडवून आणावी लागते, बंदी नुसती लिहून देता येते. आपल्याकडे पेपरातल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’ या प्रश्नाचं नेमकं हेच झालं.

राहिला प्रश्न आपल्या इंग्रजीचा. ‘प्रत्यक्ष वापर’ म्हणताना लंडनचाच वापर का धरायचा, कोल्हापूरचा का नाही? हा प्रश्न मी थट्टेने विचारत नाही. ब्राउनच्या धर्तीवर भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह झाला, तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. १९७८ मध्ये छापलेल्या मजकुरातून, एस. व्ही. शास्त्री यांच्या देखरेखीखाली. जगभरच्या अभ्यासकांत तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावानेच ओळखला जातो. आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांपैकी किती जणांच्या कानांवर हे नाव आलं असेल, ते विचारू नये. तेव्हा ‘आय केम यस्टर्डे ओन्ली’मधला ‘ओन्ली’ हा आपल्या ‘कालच’मधला ‘च’ आहे, आणि तो त्याचं काम चोख करतो, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ने आजवर कुणाचा गैरसमज झालेला नाही. हसू येतं ते हसणाऱ्याला, आणि ते व्याकरणाचं नसून सामाजिक वर्गाचं आहे.

पण सगळ्याच लकबी अशा निरुपद्रवी नसतात. आपल्याकडे ‘विल’च्या जागी ‘वुड’ टाकायची सवय आहे, जास्त सभ्य वाटतं म्हणून. ‘वी वुड सेंड द मटेरियल ऑन मंडे’ असा मेल जातो. लिहिणाऱ्याच्या मनात पक्कं आश्वासन असतं. परदेशातला वाचणारा मात्र ‘पाठवलं असतं, पण...’ किंवा ‘पाठवू, जर...’ असं वाचतो आणि त्या ‘जर’ची वाट बघत बसतो. सोमवारी माल पोचतो आणि गोदाम बंद असतं. हा फरक भारतीय इंग्रजीच्या अभिमानाने झाकू नये, तसा शुद्धतेच्या नावाने ‘ओन्ली’ला आणि ‘वुड’ला एकाच फटक्यात झोडूही नये. मुलाला दोन्ही सांगावं: हे घरात चालतं, ते करारात महागात पडतं.

एवढं सगळं मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘नो सूनर’च्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, स्वतः इंग्रजी फारसं न बोलणाऱ्या शिक्षकालाही शिकवता येतं. गडचिरोलीची मुलगी आणि पुण्यातला डॉक्टरांचा मुलगा तिथे सारखे मार्क घेऊ शकतात. तुम्ही ‘प्रत्यक्ष वापर’ आणलात, की ज्याच्या घरात इंग्रजी आहे तो पुढे जाणार. हे खोटं नाही. ‘ग्रामर विसरा’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ग्रामर विसरणं परवडतं, कारण त्यांना ते घरी फुकट मिळालेलं असतं. पण ही समानता टिकते किती? २००० सालापासून राज्याच्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून ती मुलगी बोर्डात बरोबरीला येते, आणि अकरावीच्या पहिल्या तासाला, कॉलेजच्या पहिल्या फॉर्मला, पहिल्या मुलाखतीला ती बरोबरी संपते. पेपरात समता आणि बाहेर दरी, याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

शिवाय एकच उत्तर असण्याचा मक्ता काय ‘नो सूनर’कडे आहे? ‘एक्सप्लेन’नंतर ‘मी’ की ‘टू मी’, याचंही उत्तर एकच आहे. ‘सोमवारी नक्की पाठवतो’साठी ‘विल’ की ‘वुड’, याचंही एकच. एसटी स्टँडवरची इंग्रजी सूचना, औषधाच्या वेष्टनावरचं ‘टू बी टेकन आफ्टर फूड’, शिष्यवृत्तीच्या अर्जातलं ‘फेलिंग विच’ (म्हणजे ‘तसं न केल्यास’) पेपरात छापावं आणि खाली विचारावं: काय करायचं आहे, कुणी करायचं आहे, न केलं तर काय होईल? उत्तर मराठीत लिहायची मुभा द्यावी, म्हणजे घरात इंग्रजी असल्याचा फायदा बराचसा गळून पडेल. तपासणाऱ्याला उत्तरसूची देता येईल. शिक्षकाला त्यासाठी साहेबी उच्चार लागणार नाहीत. मंडळाने असे वीस गुण ठेवले, तर गाइडवाले सहा महिन्यांत त्याचंही गाइड काढतील, क्लासवाले त्याच्याही नोट्स वाटतील, आणि मुलं पाठ करतील. करू देत. पाठ झालेलं ‘टू बी टेकन आफ्टर फूड’ घरातल्या आजारी माणसाच्या उपयोगी पडेल.